यानाका : उलट्या दिशेने फिरा

टोकियोतल्या यानाका या जुन्या वस्तीत फिरायला दोन तास पुरतील का, असं एकाने विचारलंय. नाही, निदान तीन ठेवा. बहुतेक जण निप्पोरी स्टेशनातून थेट यानाका गिंझा बाजारात शिरतात नि तिथूनच परत फिरतात. त्यापेक्षा दक्षिणेच्या गेटने बाहेर पडा. तेन्नोजी मंदिर पाहून दफनभूमीत जा. 1957 साली जळालेल्या पाच मजली पॅगोडाच्या पायाचे दगड तिथे आहेत. पुढे कान्नोनजी मंदिराची भिंत अजिबात चुकवू नका. मातीच्या थरांत आडवी कौलं दाबून रचलीय, जवळ जाऊन कडा बघा. बाजार शेवटी, सूर्यास्ताच्या बेताने; बाजाराच्या टोकाच्या यूयाके दानदान नावाच्या पायऱ्या चढून मागे वळलात की मावळतीचं आभाळ समोर. सोमवार-मंगळवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात.