जुनी व्हेरिटो डिझेल, २०१३ ची, सांगली पासिंग, घ्यावी का?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. बाबांसाठी जुनी गाडी बघतोय. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली आणि त्यांच्या डोक्यात एकच गाडी बसलीय, व्हेरिटो. मी म्हणतो डिझायर बघू, अमेझ बघू, तर म्हणतात त्यात बसताना खड्ड्यात उतरल्यासारखं वाटतं आणि उठताना गुडघे वाजतात. आता सांगलीत एका डीलरकडे २०१३ ची डी४ व्हेरियंट मिळतेय, एमएच १०, डिझेल, मीटरवर ८२ हजार, १ लाख ७० सांगतोय, दीडपर्यंत येईल असं वाटतं. बाहेरून एकदम चकाचक आहे, सीट कव्हर पण नवीन टाकलीत.
माझी भीती अशी की मॉडेल बंद झालंय, पार्ट मिळतात का, आणि ही नक्की महिंद्राची का रेनोची तेच मला कळत नाही, इंजिनवर भलतंच नाव आहे. शिवाय ऑफिसातला एकजण म्हणाला डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात घालावी लागते, मग ही तर आत्ताच बाद झाली की. कुणी वापरली असेल तर सांगा. रनिंग आमचं फार नाही, सातारा-पुणे महिन्यातून एकदा आणि मामाच्या गावाला विट्याला.

कराडचा_पाहुणा
माझ्याकडे आहे भावा, २०१२ ची डी४, १ लाख ९० हजार पळालीय, अजून विकायचा विचार नाही. बाबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, सीट उंच आहे, दार मोठं उघडतं, माझी आई पण त्यात न कण्हता बसते. मागं तीन माणसं खरोखरची बसतात, मधल्याला लग्नात उगाच बोलावल्यासारखं वाटत नाही. डिकी ५१० लिटर, आम्ही त्यात दोन पोती शेंगा, गॅसची टाकी आणि वर पोराची सायकल घालून आणलीय.
अ‍ॅव्हरेज हायवेला १९-२० देते. खंबाटकी चढताना एसी लावून पाच माणसं असतील तर तिसऱ्याला टाकावी लागते, ६५ पीएसचं इंजिन आहे, अपेक्षा तेवढ्याच ठेवायच्या. दिसायला मात्र साबणाची वडी आहे, ते मान्य करूनच घ्यायची. आणि खिडक्यांची बटनं दारावर शोधू नका, मधे गिअरपाशी आहेत, पाहुणे अजून दार चाचपत बसतात.

जुन्या_गाड्यांचा_नाद
महिंद्राची का रेनोची, तर दोघांची पण. मूळ गाडी रोमानियातली. रेनोनं १९९९ ला तिथली डाचिया कंपनी घेतली आणि ५ हजार युरोत बसेल अशी गाडी काढायची ठरवली, ती २००४ ला लोगन म्हणून आली. स्वस्त करायला काय काय केलं ते वाचण्यासारखं आहे, मूळ लोगनचे डावा-उजवा दोन्ही आरसे एकाच साच्यातले, डॅशबोर्ड एका तुकड्यात, काच फार वाकवलेली नाही, जिथं साचा वाचेल तिथं वाचवला. म्हणून ती वडीसारखी दिसते, कराडचे पाहुणे बरोबर बोलले.
इकडं २००७ ला महिंद्रा-रेनोनं मिळून आणली, ५१ टक्के महिंद्रा, ४९ रेनो, गाडी नाशिकला बनायची. २०१० ला रेनो भागीदारीतून बाहेर पडली, महिंद्रानं त्यांचा हिस्सा घेतला, आणि २०११ ला तीच गाडी व्हेरिटो झाली. नाव बदललं, बिल्ला बदलला, आतलं इंजिन तेच, रेनोचं १४६१ सीसीचं के९के.
लोकांना वाटतं गाडी वाईट म्हणून चालली नाही. गाडी वाईट नव्हती, लांब होती! २००६ च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना एक्साइज २४ चा १६ टक्के झाला आणि ही सव्वाचार मीटर. डिझेल १५०० सीसीच्या आत असून उपयोग नाही, लांबीत मार खाल्ला. मग टाटानं २००८ ला इंडिगो सीएस कापून काढली, मारुतीनं २०१२ ला डिझायरची डिकी कापली, आणि महिंद्रानं २०१३ ला व्हेरिटोचं शेपूट तोडून व्हाइब काढली तोपर्यंत एसटी निघून गेली होती. जी डिकी ही गाडी घेण्याचं मुख्य कारण, तीच तोडली. असो, माझा जुना राग आहे तो.

फक्त_पेट्रोल
बंद पडलेल्या मॉडेलवर दीड लाख घालण्यापेक्षा वॅगनआर घ्या आणि सुखानं झोपा.

मिरज_पाना_बारा
वॅगनआर घ्या म्हणणाऱ्याच्या वडिलांचे गुडघे चांगले असतील.
आता कामाचं. मी मिरजेत गॅरेज चालवतो, ही गाडी आमच्याकडे आठवड्याला एक तरी येते. इंजिनच्या पार्टचं टेन्शन घेऊ नका, हेच इंजिन डस्टरला, टेरानोला, सनीला, त्यामुळं फिल्टर, बेल्ट, नोझल सगळं मिळतं. सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड पण मिळतात. बंपर, मागचे दिवे असल्या गोष्टींना मात्र फिरावं लागतं, ठोकली तर भंगारवाल्याच्या पाया पडायची तयारी ठेवा. या इंजिनला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे, तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम लागतं. डीलर "बेल्ट बदललाय" म्हणतो त्याला काही अर्थ नाही, बिल दाखव म्हणायचं, बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बदलायचा. डिझेल चांगल्या पंपावरच भरा, कचरा गेला की नोझल नखरे करतात.
दहा वर्षांचा नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, आपल्याकडं पंधरा वर्षांनी पासिंग करून घ्यायचं आणि वर पर्यावरण कर. तुमची २०२८ पर्यंत चालेल, पुढं आरटीओत दाखवून पाच वर्षं.
पण खरी गोष्ट ही नाही. एमएच १० आणि २०१३ ची म्हटल्यावर माझ्या मनात पहिलं येतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही कुठं उभी होती? महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, अर्ध्या सांगलीच्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. नंतर त्या कवडीमोलानं विकल्या गेल्या, धुऊन-पुसून पॉलिश मारून परत बाजारात आल्या. ८२ हजार रनिंग आणि सीट कव्हर नवीन, हे ऐकून मला तर वासच आला.
असं करा, ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पूर्ण, हिसका देऊन थांबेल तिथपर्यंत. रोज वापरतो तो भाग धुतात, आतला गुंडाळलेला कुणी धूत नाही. मग स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, सीटखालचे रूळ बघा, गालिच्याचा कोपरा उचलून नाक लावा. आणि २०१९ आणि २०२० च्या इन्शुरन्सच्या पॉलिस्या मागा, साठत आलेला एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट) मधेच शून्य झाला असेल तर क्लेम घेतलाय, कशाचा ते विचारा.

कराडचा_पाहुणा
टॅक्सीचं पण बघ. या गाड्या टॅक्सीला लई गेल्यात. छताच्या कडेला कॅरिअरच्या क्लॅम्पचे चट्टे असतात, रंग मारला तरी हात फिरवला की लागतात. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर ८२ हजार, हे जमत नाही.

शाहूपुरीकर
जाऊन आलो काल. बाबा सोबत होते. डीलरनं चहा दिला, गाडी चालू करून दिली, पहिल्या सेल्फला लागली, आवाज पण छान. बाबांनी पेठ नाक्याच्या दिशेनं एक चक्कर मारली, खूश, "स्टेअरिंग हातात आल्यासारखं वाटतं" म्हणाले. मला वाटलं झालं, दीड लाख गेले.
मग मी बेल्ट ओढला. हातभर काळा स्वच्छ, आणि शेवटच्या वीतभर भागात करड्या रंगाची आडवी रेघ, नखानं खरवडली तर गाळ सुटला, वाळलेला, पिठासारखा. डीलर म्हणाला धूळ आहे, उन्हाळ्यात शेतावर जायची गाडी. बाबा काही बोलले नाहीत, डिकी उघडली, स्टेपनी स्वतःच उचलली, खाली बोट फिरवलं आणि ते बोट डीलरच्या पांढऱ्या शर्टापुढं धरलं. धूळ अशी चिकटून बसत नाही ओ, एवढंच म्हणाले. पॉलिसी मागितली तर "आधीच्या मालकाकडे असतील".
निघालो. येताना कराडपर्यंत बाबा गप्प, मला वाटलं नाराज झाले. ओगलेवाडीपाशी म्हणतात, इंजिन तरी चांगलं होतं रे.

मिरज_पाना_बारा
बुडालेल्या गाडीचं इंजिन खोलून नीट करता येतं, वायरिंग मात्र दोन पावसाळ्यांनी हिरवं पडायला लागतं आणि मग कुठला दिवा कधी लागेल ते तिचं तीच ठरवते. वाचलात.

शाहूपुरीकर
एमएच ५० ची एक बघितलीय ऑनलाइन, २०१४, डी६, एकच मालक, रिटायर्ड शिक्षक म्हणे, रनिंग १ लाख २०. या रविवारी कराडला जातोय. कराडचे पाहुणे, येताय का, चहा माझ्याकडून.

कराडचा_पाहुणा
येतो. टॉर्च आणतो, तू जुना टॉवेल आण, स्टेपनीखाली हात घालायला.

फक्त_पेट्रोल
शिक्षकांची असेल तर सगळ्या सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली असतील, तारखेप्रमाणे. नसतील तर शिक्षक नाहीत ते.