जुना पीसी: लॅनचा दिवा लागतो, नेट चालत नाही (इंदूर)

इंदूरकर_७८:
विंडोज ७, ऑनबोर्ड रिअलटेक लॅन. वायर लावली की दिवा लागतो, पण 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' आणि आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा. त्याच वायरवर लॅपटॉप मस्त चालतो. ड्रायव्हर काढून परत टाकला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नाही. पोर्ट गेला समजायचं का?

पिनआऊट:
इतक्यात नको. १६९.२५४ म्हणजे पीसीने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक घेतला. पीसी बंद करा, पॉवर कॉर्ड आणि लॅनची वायर काढा, पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. पीसी बंद असला तरी ऑनबोर्ड लॅनला ५ व्होल्ट स्टँडबायवरून वीज मिळत राहते. चिप अडकली असेल तर नुसत्या रीस्टार्टने सुटत नाही.

तरीही तेच असेल तर आयपी हाताने द्या: १९२.१६८.१.२००, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे (राउटरचा पत्ता) लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग दिल्यावर दिसतो तोच, तो १९२.१६८.०.१ असेल तर आयपीही त्याच ओळीतला हवा, म्हणजे १९२.१६८.०.२००. गेटवेला पिंग लागलं (पिंग कमांडला उत्तर आलं) तर हार्डवेअर ठीक, सर्व्हिसेसमध्ये 'डीएचसीपी क्लायंट' (राउटरकडे पत्ता मागणारी सेवा) आणि जुन्या अँटिव्हायरसची फायरवॉल तपासा. नाही लागलं तर कनेक्शनची स्टेटस खिडकी उघडा. 'सेंट' वाढतोय आणि 'रिसीव्ह्ड' ० वरच बसलाय? मग पोर्टची घेणारी बाजू गेली असण्याची शक्यता जास्त.

माळवा_नेट:
लॅन कार्डाच्या सेटिंगमध्ये स्पीड अँड डुप्लेक्स '१०० फुल' करून बघा, जुन्या चिपला ऑटो झेपत नाही कधीकधी.

पिनआऊट:
'१०० फुल' नको हो. राउटर ऑटोवरच राहतो, त्याला समोरून काही कळत नाही, मग तो हाफ (एका वेळी एकाच दिशेने डेटा) धरतो, पीसी मात्र फुलवर (दोन्ही दिशांनी). पिंग लागतं, पण फाइल उतरवताना रडायला लागतं. तपासणीपुरतं '१० हाफ' ठेवा, मग परत ऑटो.

छावणी_चौक:
ऑपरेटरची वायर गच्चीवरून थेट पीसीत यायची का कधी? विजांच्या दिवसांत पोर्ट असेच अर्धे मरतात: दिवा लागतो, डेटा येत नाही. दुरुस्तीत पैसे घालू नका. बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन डिसेबल करा आणि सिल्व्हर मॉलमधून कार्ड आणा. जाण्याआधी कॅबिनेट उघडून स्लॉट बघा: लांब पांढरा म्हणजे बहुधा पीसीआय, छोटासा काळा म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. ड्रायव्हर लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवा. कार्ड जुनं मिळालं तर सोनेरी पट्टी खोडरबराने घासा, भुगा झटकून मगच स्लॉटमध्ये दाबा.