मदत हवी आहे : सीएफएम५६ च्या पंख्याची पाती

नमस्कार मंडळी. मुलांसाठी जेट इंजिनावर एक तासाचं व्याख्यान तयार करतोय. विषय सीएफएम५६, कारण बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० या दोन्ही विमानांच्या अनेक आवृत्त्यांना याच इंजिन-कुटुंबातली इंजिनं लागतात आणि एकाच घरातल्या भावंडांमधला फरक दाखवता येतो. मूळ कोअर (इंजिनाचा आतला गाभा) बी-१ बॉम्बरच्या एफ१०१ इंजिनावरून आलेला, हे मुलांना ऐकायला फार आवडेल.

७३७-३०० चा भाग जमला. विमान जमिनीलगत, म्हणून पंख्याचा व्यास ६० इंचांवर आणला, गिअरबॉक्स खालून बाजूला सरकवला आणि इंजिनाचं तोंड खालून चपटं झालं. फोटो दाखवला की काम झालं.

अडलंय ते पात्यांपाशी. ए३२० च्या ५बी ला (म्हणजे सीएफएम५६-५बी या प्रकाराला) ३६ अरुंद पाती. प्रत्येकीला मधोमध एक आडवा कान, शेजारणीच्या कानाला टेकलेला, म्हणजे सगळ्यांचं मिळून एक कडंच तयार होतं. ७३७ च्या नंतरच्या पिढीतल्या ७बी ला मात्र २४ च रुंद पाती, आणि कान नाहीतच.

कान कंपनं रोखतात आणि हवेच्या वाटेत अडथळाही करतात, इथपर्यंत समजलं. पण कान काढल्यावर पातं थरथरत का नाही? नुसती रुंदी पुरते, की पात्याच्या मुळाशीही काही वेगळी रचना असते? इंजिन देखभालीत काम केलेल्या कुणी सोप्या भाषेत सांगितलं तर फार बरं होईल. पुठ्ठ्याची पाती कापून दाखवता येईल असा प्रयोग सुचला तर तोही नक्की लिहा.