उकळत्या पाण्याचा नळ आईसाठी घ्यावा का?

शाहूपुरीची लेक, सातारा
नमस्कार. आई 74 वर्षांची, बोटांना संधिवात. जानेवारीत पहाटे बाबांच्या शेकायच्या पिशवीसाठी पाणी तापवलं आणि सांडशीतून पातेलं निसटलं. घोट्याच्या वर तळहाताएवढा डाग अजून आहे. मी सकाळी साडेसातच्या एसटीने कराडला जाते, दिवसभर जीव तिच्यात अडकलेला असतो. दुकानात दोन प्रकार दाखवले. एक दोन हजारांच्या आतबाहेरचा, नळातच कॉइल असलेला. दुसरा ओट्याखाली टाकी बसवायचा, फार महाग. दुकानदार म्हणतो, दोन्हींतून उकळतं पाणी येतं. कुणी वापरलाय का? पैसे जमवीन, पण आईला पातेलं उचलावं लागू नये.

विश्रामबागकर, सांगली
ताई, स्वस्तातला मी दोन वर्षं वापरला. भांडी घासायला, थंडीत हात धुवायला उत्तम. उकळतं पाणी मात्र त्यातून येत नाही, खोक्यावरसुद्धा 60 अंशच लिहिलेलं असतं. शिवाय आपला चहा दूध-साखर घालून उकळावाच लागतो, त्यामुळे गॅस सुटत नाही तो नाहीच. आमचं पाणी बोअरचं. आठ महिन्यांत कॉइलवर पांढरा थर धरला, नखाने खरवडला की पापुद्रे निघायचे. तुमच्याकडे कासच्या तलावाचं पाणी येत असेल तर एवढा त्रास नसावा. आणखी एक, मी तो मिक्सरच्या सॉकेटवर लावला होता. एका संध्याकाळी जळकट वास आला, बघतो तर पिन काळी पडलेली.

वायरिंगवाला, कराड
पिन जळणारच. नळ 3000 वॉटचा, म्हणजे 13 अँपिअर खेचतो. त्याला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, तपासून घेतलेलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, लागतो. ओला हात त्याच नळावर असतो, म्हणून अर्थिंग नसेल तिथे मी तो बसवतच नाही. आता पाण्याचं. मिनिटाला एक लिटर धार सोडली तर 3000 वॉटमध्ये पाणी 43 अंशांनीच चढतं. पहाटे टाकीत 18 अंश असेल तर हातात येतं 60च्या आसपास. व्होल्टेज 180 वर आलं की 3000चे जेमतेम 1800 वॉट उरतात, मग कोमटच.

मूळची वाईची, सध्या आइंडहोव्हन, नेदरलँड्स
माझ्याकडे इथे टाकीवाला आहे, क्वूकर, कंपनी इथलीच. 3 लिटरच्या टाकीत पाणी दाबाखाली 108 अंशांवर राहतं, बाहेर पडतं तेच उकळतं. मला फार आवडतो. पण इथे नळालाच चांगला दाब असतो. गच्चीवरच्या टाकीतून दर 10 मीटर उंचीला 1 बार एवढाच दाब मिळतो, दुमजली घरात तेवढाही नाही, म्हणजे पंप आला. आणि मुलं भाजू नयेत म्हणून त्याची कडी दोनदा दाबून मग फिरवायची असते. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांचीही बोटं अशीच. त्यांना ती शेवटपर्यंत जमली नाही.

वायरिंगवाला, कराड
मग ताई, आपोआप बंद होणारी 1500 वॉटची केटली घ्या. लिटरभर पाण्याला चारेक मिनिटं, वीज 0.1 युनिट. सोबत वरून दाबायचा पंपाचा थर्मास. केटलीतून थर्मासात तुम्ही ओतायचं, आईंनी नुसता दाबायचा. शेकायच्या पिशवीत तसंही उकळतं पाणी भरू नये.

शाहूपुरीची लेक, सातारा
कडी दाबून फिरवायची, हे दुकानात कुणी बोललंच नव्हतं. वाईच्या ताई, तुमचे खूप आभार. नळ रद्द केला. रविवारी केटली आणि अडीच लिटरचा पंपाचा थर्मास आणला. रात्री झोपताना मीच भरून ओट्याच्या कडेला ठेवते, म्हणजे आईला उचलावा लागत नाही. बोटांनी नाही जमत, तळहाताने दाबते. पिशवीचं तोंड नळीखाली धरायला बाबा उठून बसतात. आज पहाटे दोघांनी मिळून भरली, मला हाक मारली नाही.