ट्रामाडॉल मागणारा प्रत्येक जण नशेखोर असतो का?

सात रस्ता

आईच्या डाव्या बरगडीवर गेल्या पावसाळ्यात नागीण उठली. शेजारच्या आजींनी काव लावून दिली, मग डॉक्टर झाले. फोड वाळले, खपल्या पडल्या, आग मात्र राहिली. बघायला गेलं तर कातडीवर फिकट डागांशिवाय काही नाही. पण ब्लाउजची शिवण तिथे टेकली की आई दचकते. सोलापुरात एप्रिलमध्ये पंखा बंद करून बसून बघा एकदा. आई बसते, कारण पंख्याचा नुसता वारासुद्धा त्या जागेला सहन होत नाही. विडी वळायला पुढे वाकावं लागतं, ते काम सुटलंच.

नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन दिलं तर पाय सुजले आणि मोरीत जाताना तोल जायला लागला. ॲमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड आणि पोट साफ होईना. शेवटी ट्रामाडॉल ५०, म्हणजे अफूच्या गटातली वेदनाशामक गोळी, सकाळी एक, रात्री एक. दुखणं गेलं नाही, पण रात्री डोळा लागतो.

परवा मेडिकलमध्ये गेलो तर चिठ्ठी जुनी आहे म्हणून परत पाठवलं. तेही एक वेळ चालेल. पण काउंटरवर गर्दी असताना मोठ्याने "ही नशेची गोळी आहे, अशी मिळत नाही" कशाला? ओळखीचे लोक वळून बघायला लागले.

२०१८ मध्ये सरकारने ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, कारण लोक त्याची नशा करतात. मान्य. पण सुक्याबरोबर ओलं जळतंय त्याचं काय? माझं मत सरळ आहे. ज्याला दुखतंय त्याला गोळी मिळाली पाहिजे. साठी ओलांडलेल्या बाईला सवय लागेल का, याचा विचार नंतर करता येईल.

चिठ्ठीवाला

मी पूर्व भागात मेडिकल चालवतो. ते दुकान माझं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

गर्दीत तसं बोलणं चूकच. बाकी नियमाबद्दल मात्र मी त्या दुकानदाराच्या बाजूने आहे. ट्रामाडॉल औषधांच्या शेड्यूल एच-१ या कडक यादीतही येतं. म्हणजे वेगळी वही. त्यात रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. ड्रग इन्स्पेक्टर आला की आधी तीच मागतो. साठा आणि वही जुळली नाही तर लायसन्स माझं जातं, तुमचं नाही.

आणि खोटं कोण बोलतं हे कपाळावर लिहिलेलं नसतं ओ. एकाच चिठ्ठीचा मोबाइलमधला फोटो दाखवत चार दुकानं फिरणारेही "आईसाठी पाहिजे" असंच म्हणतात.

एक कामाची गोष्ट. चिठ्ठीवर डॉक्टरांनी काही लिहिलेलं नसेल तर अशा औषधाची ती चिठ्ठी एकदाच चालते. पुन्हा द्यायचं असेल तर किती वेळा आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहावं लागतं. ते लिहून घ्या, निम्मी भांडणं मिटतील.

सात रस्ता

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लिहून घेतो. पण दुकानदाराला हे माहीत असतं ना? मग "नशेची गोळी" म्हणण्याऐवजी हेच एक वाक्य त्याला सांगता आलं असतं.

निवृत्त भूलतज्ज्ञ

धागाकर्त्याच्या शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. सवयीचा विचार नंतर नाही, पहिल्या गोळीच्या आधी करायचा असतो. वयाने सूट मिळत नाही. उलट या वयात झापड येऊन पडणं, बद्धकोष्ठ आणि गोंधळल्यासारखं होणं जास्त.

नसांच्या दुखण्यात पहिल्या फळीची औषधं म्हणजे गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन आणि ॲमिट्रिप्टिलिनच्या गटातली. ट्रामाडॉल त्यानंतर. मॉर्फिनसारखी जोरदार औषधं आणखी मागे. ही उतरंड वेदना कमी समजून केलेली नाही. नस दुखावल्यावर जी आग होते, तिच्यावर अफूच्या गटातली औषधं बेताचाच परिणाम करतात. शरीर हळूहळू त्यांना सरावतं, मग तेवढ्याच आरामासाठी मात्रा वाढवावी लागते. काही जणांत तर दुखणं जास्तच जाणवायला लागतं.

तुमच्या आईंना पहिली दोन औषधं "चालली नाहीत" म्हणता. किती मात्रेने सुरू केली होती? प्रीगॅबालिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) न बघता ७५ मिलिग्रॅम दोन वेळा दिलं तर पाय सुजणारच, तोलही जाणार. ॲमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून चढवायचं असतं, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. आपल्याकडे आठव्या दिवशी औषध बदललेलं असतं, कधी रुग्णाच्या घाईने, कधी डॉक्टरांच्या. नागिणीनंतरच्या आगेवर लिग्नोकेनचा, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचा, पॅच किंवा मलमही उपयोगी पडतं. ते बाहेरून लावायचं, म्हणून झोप-चक्करचा त्रास फारसा नाही. फक्त जखम भरलेल्या कातडीवरच लावायचं.

दोन गोष्टी लगेच तपासा. जुन्या ॲमिट्रिप्टिलिनच्या गोळ्या घरात उरल्यात का, आणि त्या मधूनमधून घेतल्या जातात का? ट्रामाडॉलबरोबर ते किंवा ड्युलोक्सेटिन देताना फार जपावं लागतं. झटके येऊ शकतात. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढून थरथर, ताप, घाबरंघुबरं होणं असाही प्रकार होतो. दुसरं, माझं वाचून ट्रामाडॉल एकदम बंद करू नका. इतके दिवस घेतलेली गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत उतरत्या मात्रेने कमी करायची.

आणि ती काव! पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरची गोळी सुरू झाली तर तिचा सगळ्यात जास्त फायदा. आपल्याकडे हे तीन दिवस "तोंडाला शेपूट मिळाली की माणूस जातो" या भीतीत आणि काव लावण्यात जातात.

यंत्रमाग

सात रस्ता, राग समजतोय. पण माझ्या काकांचं ऐका.

काका लूमवर होते, बारा-बारा तास उभं राहायचं काम. मणक्याची गादी सरकली, कमरेपासून टाचेपर्यंत करंट मारल्यासारखं व्हायचं. डॉक्टरकडं जायचं म्हणजे खाडा. मेडिकलवाला बिनचिठ्ठीची कॅप्सूल द्यायचा, पाळी निघायची. पुढं पुढं दुखायलंय म्हणून घेत होते का नाही घेतली तर दुखायलंय, ते त्यांनाच कळंना. गोळी मिळाली नाही की नुसत्या जांभया, नाक गळायचं, घाम, अंगावर काटा. घरात आम्हाला वाटायचं सर्दीताप आहे! आजी काढा करून द्यायची.

शेवटी मानसोपचारवाल्यांनी बुप्रेनॉर्फिनवर, म्हणजे असलं व्यसन सोडवायच्या औषधावर, ठेवून बाहेर काढलं. त्या मेडिकलवाल्यानं पहिल्याच दिवशी "नाही मिळणार" म्हणून हाकललं असतं तर काका शिव्या देत घरी आले असते, आणि बरं झालं असतं.

सात रस्ता

काकांचं वाचून वाईट वाटलं. पण भाऊ, तुझ्या काकांना बिनचिठ्ठीचं मिळत होतं. माझ्या आईकडे चिठ्ठी आहे. चोरवाट उघडी आणि दारावर पहारा, हीच तर माझी तक्रार आहे.

यंत्रमाग

चिठ्ठी असली म्हणून शरीराला कळतंय काय बे?

निवृत्त भूलतज्ज्ञ

यंत्रमाग, बरोबर, पण अर्धंच. शरीर सरावणं वेगळं आणि व्यसन वेगळं. नियमित घेणाऱ्या बऱ्याच जणांना औषध अचानक थांबवल्यावर त्रास होतो. ते व्यसन नव्हे. नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, मात्रा मनानेच वाढवणं, लपवणं, गोळीसाठी बाकी सगळं मागे टाकणं, ही व्यसनाची लक्षणं. तुमचे काका कदाचित पहिल्यातून दुसऱ्यात गेले. धागाकर्त्याच्या आई पहिल्यात असू शकतात. त्या पुढे जाऊ नयेत म्हणूनच दर वेळी डॉक्टरांनी तपासायचं.

ओहायोकर

मूळचा जुळे सोलापूरचा, आता अमेरिकेत. इथे या विषयाचे दोन्ही टोकांचे धडे गिरवून झालेत.

१९८० मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र आलं होतं. त्याचा सारांश असा की, रुग्णालयात दाखल असताना अफूच्या गटातली औषधं घेतलेल्यांत व्यसन क्वचितच आढळलं. ही गोष्ट रुग्णालयातली, तीही देखरेखीखालची. पण पुढे वर्षानुवर्षं हेच पत्र जुनाट दुखण्यावर घरी बाटल्या भरभरून देण्याचा आधार म्हणून वापरलं गेलं. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे त्याच गटातलं वेदनाशामक आलं, व्यसनाचा धोका कमी आहे असं सांगून खपवलं गेलं. २००७ मध्ये कंपनीने फसव्या प्रचाराबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोपर्यंत इथली गावंच्या गावं पोखरली होती.

मग लंबक उलटा. २०१६ मध्ये सरकारी आरोग्य संस्थेने, सीडीसीने, मात्रेच्या मर्यादा सुचवल्या. सूचनाच होत्या त्या, पण डॉक्टरांनी आणि विमा कंपन्यांनी कायदा असल्यासारख्या राबवल्या. वर्षानुवर्षं स्थिर असलेल्या रुग्णांची औषधं तोडली. काही जण रस्त्यावरच्या विषाकडे वळले, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये औषध प्रशासनाला बजावावं लागलं की अचानक बंद करू नका, आणि २०२२ मध्ये सीडीसीने सूचना बदलल्या. म्हणून सात रस्ता यांची भीती मला अजिबात फालतू वाटत नाही.

चिठ्ठीवाला

ओहायोकर, तिकडे डॉक्टरांनी लिहून लिहून लोक बिघडवले. इकडे डॉक्टरांशिवायच बिघडतात. रोग एक असला तरी वाट वेगळी. इथे काउंटर सैल करून चालणार नाही.

सात रस्ता

मग हेही सांगा. मध्य प्रदेशात, राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि आपल्याच देशात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फिनसाठी वणवण करावी लागते. १९८५ चा हाच एनडीपीएस कायदा इतका कडक की रुग्णालयं परवान्यांच्या भानगडीत पडेनात. २०१४ मध्ये दुरुस्ती करावी लागली ती उगाच नाही. कायदा घाबरवणारा असला की सगळ्यात आधी सरळ माणूस घाबरतो. चोराला कसली भीती?

निवृत्त भूलतज्ज्ञ

मॉर्फिनबद्दल शंभर टक्के मान्य. पण कॅन्सरच्या वेदनेचा न्याय नागिणीच्या आगेला लावू नका.

गड्डा यात्रा

इंग्रजी औषधांच्या मागे कशाला लागता? आमच्याकडे एक जण पुडी देतात, नसा मोकळ्या होतात. एका दिवसात फरक. पत्ता पाहिजे असेल तर सांगतो.

निवृत्त भूलतज्ज्ञ

एका दिवसात फरक पडणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड किंवा कुटलेलं डायक्लोफिनॅक हे साधं वेदनाशामक निघतं. साखर चढते, मूत्रपिंड जातं, आणि डायक्लोफिनॅक नसांच्या आगेवर फारसं चालतही नाही. पत्ता इथे देऊ नका.

गड्डा यात्रा

तुम्ही ॲलोपॅथीवाले सगळे सारखेच.

यंत्रमाग

सात रस्ता, एक विचारायचं राहिलं. आईच्या गोळ्या घरात कुठं ठेवता? काकांनी पहिली गोळी आजोबांच्या ऑपरेशनच्या उरलेल्या पाकिटातनं घेतली होती. तुमच्याकडं पोरंटोरं असतील.

सात रस्ता

देवळीत, शेंगाचटणीच्या डब्याशेजारी. भाचा बारावीला आहे. कुलपाच्या कपाटात हलवतो.

आणि डॉक्टरसाहेब, सोमवारी क्रिएटिनिन करतोय. पॅचबद्दल विचारतो, प्रीगॅबालिन कमी मात्रेने पुन्हा सुरू करता येईल का तेही. पण ते लागू पडेपर्यंत ट्रामाडॉल चालूच राहणार, आणि दर महिन्याला नव्या चिठ्ठीसाठी आईला रिक्षात बसवून नेणं मला पटत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ती बरगडी धरते. त्यावर इथे कुणीच बोललं नाही.

चिठ्ठीवाला

म्हणून तर म्हटलं, किती वेळा द्यायचं ते लिहून आणा. तारीख, सही, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर स्पष्ट पाहिजे. तेवढं असेल तर आईंना आणायची गरज नाही, तुम्ही एकटे या. मी वहीत लिहीन आणि गोळ्या कागदी पिशवीत घालून देईन.