शब्दचर्चा : थ्रेडचा 'माग ठेवणे' की 'हजेरी घेणे'?

प्रश्न : एका मॅन्युअलचं मराठी करतोय. रिमोट डीबगर (दुसऱ्या यंत्रावरचा प्रोग्रॅम दुरून तपासणारं साधन) टार्गेटवरचे, म्हणजे त्या यंत्रावरचे, थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं) कसे ओळखतो आणि ट्रॅक करतो, असा भाग आहे. 'धाग्यांचा माग ठेवणे' असं लिहिलं आणि स्वतःच हसलो. धागा आणि माग शेजारी आले की विणकामच डोळ्यांपुढे येतं. 'सूत्र' चालेल का?

उत्तर : 'सूत्र' नको, गणिताचं वाटेल. थ्रेडला थ्रेडच म्हणा, काम करणारे तेच म्हणतात.

आणखी एक : माझा आक्षेप 'माग ठेवण्या'ला आहे. माग ठेवणारा सतत पाठीवर असतो. जीडीबी हा डीबगर नेहमीच्या पद्धतीत तसं करत नाही. टार्गेट पळतंय तोवर तो उत्तराची वाट बघतो, थांबलं की विचारपूस. 'क्यूएफथ्रेडइन्फो' हे पॅकेट, म्हणजे संदेश, जातं. पलीकडचा स्टब (टार्गेटच्या बाजूने जीडीबीला उत्तरं देणारा छोटा प्रोग्रॅम) 'एम' लावून थ्रेडच्या आयडींची यादी देतो. मग 'एल' (यादी संपली) येईपर्यंत 'क्यूएसथ्रेडइन्फो' पाठवत राहायचं. एखाद्याच थ्रेडबद्दल शंका असेल तर 'टी' आणि त्याचा आयडी : जिवंत असेल तर 'ओके', नसेल तर एरर. मराठीत याला हजेरी घेणं म्हणतात!

प्रश्नकर्ता : पण 'क्यूथ्रेडइव्हेंट्स' चालू केलं तर थ्रेड सुरू झाला, संपला हे स्टब आपणहून कळवतो ना?

— कळवतो. ती जन्ममृत्यूची नोंद. मागितली तरच मिळते.

उत्तर : 'ओळखक्रमांक' शब्दातही खड्डा आहे. जीडीबी 'थ्रेड २' म्हणतो तो त्याचा स्वतःचा आकडा, दिसेल त्या क्रमाने दिलेला. टार्गेटचा आयडी वेगळा. एकदा पॅकेटच्या लॉगमध्ये 'पी१एफ.२०' दिसलं आणि मी टार्गेटवर २० नंबरचा थ्रेड शोधत बसलो. दोन्ही आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले) असतात हे चहा पिऊन आल्यावर सुचलं : प्रोसेस ३१, थ्रेड ३२. मी तेव्हापासून डीबगरच्या आकड्याला 'थ्रेड क्रमांक' आणि टार्गेटच्या आकड्याला 'थ्रेड आयडी' असंच लिहितो. आणि हो, आयडीच्या जागी उणे १ म्हणजे 'सगळे', ० म्हणजे 'कोणताही एक'. तो 'एक' गाळू नका. नुसतं 'कोणताही' लिहिलं तर वाचणारा त्यातही 'सगळे'च वाचतो.

आणखी एक : बोर्डावर फ्रीआरटीओएस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर हजेरीला 'हजर' म्हणणारं तिकडे कोणी नसतं. ओपनओसीडी हा जीडीबी आणि बोर्ड यांच्यामधला प्रोग्रॅम मेमरीतल्या टास्कच्या (तिथले थ्रेड म्हणजे टास्क) याद्या स्वतः वाचतो, चालू टास्क कोणता ते 'पीएक्सकरंटटीसीबी' या व्हेरिएबलवरून काढतो आणि प्रत्येक टास्कच्या टीसीबीचा (मेमरीतल्या त्याच्या नोंदीचा) पत्ताच आयडी म्हणून जीडीबीला देतो. पोरं गप्प, मास्तरच हजेरीपट वाचतायत.

प्रश्नकर्ता : मग मथळा 'थ्रेडची ओळख आणि हजेरी' करतो. टार्गेटचं 'लक्ष्य' करू का?

— करा, पण मग वाचणारा त्यावर नेम धरेल. टार्गेटच राहू द्या.