मदत हवी आहे: दोन नोडसाठी सामायिक स्टोरेज कसं ठेवावं?

नमस्कार मंडळी. लातूरच्या एका रुग्णालयाचे सर्व्हर मी बघतो. प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) दोन नोड, म्हणजे दोन सर्व्हर, आणि दोन्हींचा डेटा एकाच एनएएसवर (नेटवर्कवरची डिस्कपेटी). मागच्या सोमवारी लाईट गेली, आली, आणि एनएएस उठलाच नाही. दोन्ही नोड धडधाकट, पण एकही व्हीएम (आभासी मशीन) चालू होईना. ओपीडीची रांग पार दारापर्यंत गेलेली, खिडकीतल्या ताई पाठकोऱ्या कागदांवर केसपेपर नंबर लिहीत होत्या. बघून जीव तुटला.

आता नीट उभं करायचंय. डेटा ३ टीबी. सेफ (Ceph, डेटाच्या प्रती अनेक नोडवर वाटून ठेवणारं स्टोरेज) घ्यावं तर किमान ३ नोड, ३ प्रती आणि शक्यतो १० गिगाबिटचं वेगळं नेटवर्क. म्हणजे १२ टीबीच्या डिस्क टाकून हाती ४ टीबीसुद्धा पुरतं येत नाही. झेडएफएस रेप्लिकेशन (ठराविक वेळाने दुसऱ्या नोडवर प्रत पाठवणं) स्वस्त आहे, पण मूळ सेटिंग दर १५ मिनिटांचं. तेवढ्या वेळातले लॅब रिपोर्ट गेले तर पेशंटला काय सांगायचं?

मला डीआरबीडी (एका नोडची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्यावर जशीच्या तशी ठेवणारं सॉफ्टवेअर) बरं वाटतंय. त्याच्या प्रोटोकॉल सीमध्ये दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय काम पूर्ण धरलंच जात नाही. भीती स्प्लिट ब्रेनची आहे: मधली केबल तुटली की दोघंही स्वतःलाच मालक समजणार. मालक कोण हे बहुमताने ठरावं म्हणून तिसऱ्या मतासाठी एक छोटं मशीन क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारं मशीन) म्हणून ठेवतोय.

असं कोणी चालवतंय का? फेन्सिंग (बिघडलेला नोड सक्तीने बंद करणं) आयपीएमआयने (सर्व्हरमधलाच दुरून चालू-बंद करायचा कंट्रोलर) करता का पीडीयूने (दुरून बंद करता येणारी वीजपट्टी)? नोडची वीजच गेली तर आयपीएमआयही उत्तर देत नाही, तिथेच अडलोय. नांदेड, संभाजीनगरकडे कुणाचा सेटअप असेल तर येऊन बघायची माझी तयारी आहे.